टकाचोरावरचा आळ

माझ्या आजोळी विहिरीला लागून एक जुना फणस होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या फणसावर टकाचोराची एक जोडी हमखास दिसायची. अंग दालचिनीच्या रंगाचे, डोके आणि मान काजळी धरल्यासारखी, पंखावर करडा-पांढरा पट्टा आणि टोकाला काळी पडलेली, एकूण लांबीत निम्म्याहून अधिक वाटा असलेली शेपटी. कावळ्याच्याच कुळातला हा पक्षी कधी घशात काही अडकल्यासारखा खरखरतो, तर कधी इतका गोड सूर काढतो की तो आवाज त्याचाच आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

मी सात-आठ वर्षांची असतानाची गोष्ट. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासून विहिरीच्या कट्ट्यावर उन्हात पालथी घातली होती. दुपारी ती आत आणताना ताम्हन, पंचपात्र, निरांजन, घंटा सगळे मिळाले. चांदीची पळी तेवढी मिळाली नाही. भांडी घासली होती ती कामाला येणाऱ्या बाईंनी. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. त्यांना तोंडावर कोणी काही बोलले नाही. मामीने फक्त दोनदा विचारले, “तुम्ही मोजून ठेवली होती ना?” आणि मावशींनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. संध्याकाळी आजोबांनी ओटीवर बसून निकाल दिला, “टकाचोराने नेली असेल. नावच आहे त्याचे ते.” विषय मिटला. दुसऱ्या दिवसापासून देवाची भांडी मात्र आजी स्वतः घासू लागली.

टका म्हणजे नाणे. बांगलादेशाच्या चलनाचे नाव आजही टका आहे. तेव्हा टकाचोर म्हणजे पैसे पळवणारा. एखाद्या पक्ष्याला त्याच्या रंगावरून, आवाजावरून किंवा खाण्यावरून नाव मिळावे हे समजू शकते. याला मात्र थेट गुन्हेगाराचे नाव मिळाले, आणि तेही कोणतीही सुनावणी न होता. मोठेपणी पक्षी पाहण्याचा नाद लागल्यावर मला कळले की असा आळ वाहणारा हा एकटाच पक्षी नाही. युरोपात त्याचा एक चुलतभाऊ हीच बदनामी शतकानुशतके सोसत आला आहे आणि त्याची कीर्ती टकाचोरापेक्षा फार मोठी आहे. तो म्हणजे मॅगपाय.

मराठीत मॅगपायला रुळलेले नाव नाही, कारण महाराष्ट्रात तो नाहीच. आपल्या अंगणात शेपटी उभारून गाणाऱ्या दयाळाला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात, पण ते केवळ त्याच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखामुळे. दोघांचे नाते काहीही नाही. ऑस्ट्रेलियातला मॅगपायही असाच रंगावरून नाव मिळालेला, वेगळ्याच कुळातला. खरा मॅगपाय भारतात पाहायचा तर लडाखला जावे लागते. लेहच्या आसपास पॉपलर आणि विलोच्या झाडांत, वस्तीच्या अगदी जवळ तो मोकळेपणाने वावरतो. शेपटी धरून साधारण दीड फुटाचा हा पक्षी लांबून काळा-पांढरा दिसतो, पण ऊन पंखावर पडले की त्या काळ्यातून निळी, हिरवी, जांभळी झाक उमटते. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्यातल्या एका गृहस्थांनी लगेच माहिती पुरवली की हा अंगठ्या पळवतो, आणि दोन काकूंनी हातातल्या बांगड्या स्वेटरच्या बाहीत सरकवल्या. तो पक्षी मात्र आमच्या डब्याशेजारी पडलेल्या पुरीच्या तुकड्यावर नजर ठेवून होता.

त्या गृहस्थांना ही माहिती टिनटिन या पोरगेल्या बातमीदाराच्या चित्रकथेतून मिळाली होती, असे नंतर बोलण्यात आले. 1963 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कथेत एका गायिकेचा पाचू नाहीसा होतो, संशय आधी गावाबाहेर उतरलेल्या जिप्सी लोकांवर जातो आणि अखेर पाचू मॅगपायच्या घरट्यात सापडतो. टिनटिनला ही युक्ती सुचते ती एका ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या, नावावरून, आणि मॅगपायच्या बदनामीचा मोठा भार त्या ऑपेरानेच पुढे वाहून नेला आहे.

इटालियन संगीतकार रोसिनी याचा ‘ला गाद्झा लाद्रा’, म्हणजे ‘चोरटा मॅगपाय’, हा ऑपेरा 31 मे 1817 रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा सादर झाला. रोसिनी तेव्हा पंचविशीत होता. या ऑपेराची सुरुवातीची वाद्यरचना ताशासारख्या ढोलांच्या घुमण्याने सुरू होते आणि ती इतकी लोकप्रिय आहे की पूर्ण ऑपेरा कधीही न पाहिलेल्यांनीही ती कुठे ना कुठे ऐकलेली असते. कथा अशी आहे. निनेत्ता नावाची मुलगी एका सधन शेतकऱ्याच्या घरी कामाला आहे. घरात एक पाळीव मॅगपाय आहे, तो माणसासारखे बोलतो आणि निनेत्ताच्या नावाने हाका मारतो. सैन्यातून पळालेला तिचा बाप लपतछपत तिला भेटतो आणि जवळची चांदीची काटा-चमच्याची जोडी विकून पैसे लपवून ठेवायला सांगतो. ती ते काम एका फेरीवाल्याकरवी करते. नेमका त्याच वेळी मालकिणीचा चांदीचा चमचा नाहीसा होतो. चांदीवर कोरलेली बापाची आणि मालकाची आद्याक्षरे एकच. फेरीवाल्याची साक्ष तिच्या विरोधात जाते आणि खरे सांगावे तर बाप पकडला जातो, म्हणून ती गप्प राहते. गावच्या अधिकाऱ्याची तिच्यावर वाईट नजर आहे आणि तिने त्याला झिडकारलेले आहे. तिला मृत्युदंड होतो. तिला वधस्तंभाकडे नेत असताना मॅगपाय एक नाणे उचलून चर्चच्या घंटाघरात जातो, त्याच्या मागे धावलेल्या मुलाला तिथे हरवलेली चांदी सापडते आणि निनेत्ताचा जीव वाचतो.

नाणे उचलणारा पक्षी, म्हणजे शब्दशः टकाचोर.

ऑपेराची ही कथा 1815 मध्ये पॅरिसला गाजलेल्या एका नाटकावरून घेतलेली आहे आणि त्या नाटकाचे उपशीर्षकच ‘पालेझोची मोलकरीण’ असे आहे. पालेझो हे पॅरिसजवळचे गाव. चमच्यासाठी मृत्युदंड हे आज आपल्याला नाटकी अतिशयोक्तीचे वाटते, पण अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये नोकराने मालकाच्या घरी केलेल्या चोरीला खरोखरच देहान्ताची शिक्षा होती. नाटक पाहायला आलेल्या प्रेक्षकांतल्या वयस्कर मंडळींना तो कायदा आठवत असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली म्हण त्या समाजाला कायद्याच्या पुस्तकातच लागू पडत होती.

या कथानकात मला सर्वांत लक्षणीय वाटते ते निराळेच. चांदी सापडल्याबरोबर सगळे आनंदाने नाचू लागतात. केवळ आद्याक्षरांवरून एका मुलीला मरणाच्या दारी कसे नेले, मालकिणीने इतक्या सहजपणे तिच्याकडे बोट का दाखवले, अधिकाऱ्याचा सूड न्यायाच्या वेषात कसा खपला, हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारण्याची गरजच उरत नाही, कारण खरा गुन्हेगार मिळालेला असतो आणि तो पक्षी असल्यामुळे त्याच्यावर खटलाही भरावा लागत नाही. पक्ष्यावर आळ घालणे फार सोयीचे असते. तो नाकबूल करत नाही, त्याचे नातेवाईक भांडायला येत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी नजर मिळवावी लागत नाही. आमच्या आजोबांचा निकालही याच जातीचा होता. त्यात त्यांचा हेतू चांगला होता हे मला ठाऊक आहे. मावशींची अब्रू राखायची आणि घरातली कुजबुजही थांबवायची, अशी दोन्ही कामे त्यांनी एका वाक्यात उरकली होती. ते वाक्य अर्धेच उपयोगी पडले, हा भाग वेगळा.

आता मुख्य प्रश्न असा की मॅगपाय खरोखर चकचकीत वस्तू उचलतो का. दोन शतके लोक हे गृहीत धरून चालले होते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या टोनी शेपर्ड, स्टीफन ली आणि नाताली हेम्पेल द इबारा या तीन संशोधकांनी ते तपासून पाहिले आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची रीत अगदी साधी होती. विद्यापीठाच्या आवारातल्या रानटी मॅगपायांना दाण्यांची सवय लावली. मग दाण्यांच्या ढिगापासून एका फुटाच्या अंतरावर वस्तूंचे दोन ढीग मांडले: धातूचे स्क्रू, लहान कड्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तुकडे. एका ढिगातल्या वस्तू जशाच्या तशा चकचकीत ठेवल्या, दुसऱ्यातल्या निळ्या रंगाने रंगवून निस्तेज केल्या. चमकच पक्ष्याला ओढत असेल तर त्याने पहिल्या ढिगाकडे वळायला हवे होते.

अशा 64 चाचण्यांमध्ये मॅगपायने वस्तू उचलल्याचे प्रसंग केवळ दोन. दोन्ही वेळा उचलली ती कडी, आणि दोन्ही वेळा ती लगेच टाकून दिली. याहून बोलके होते ते त्यांचे बाकीचे वागणे. शेजारी वस्तू मांडलेल्या असल्या की ते दाणे कमी खात आणि बिचकत. ही भीती चकचकीत वस्तूंची जितकी होती तितकीच निळ्या वस्तूंचीही होती. अनोळखी गोष्टीपासून जपून राहणे हा कावळ्याच्या कुळातल्या प्रौढ पक्ष्यांचा पक्का स्वभाव आहे, आणि जगाने ज्याला लोभी ठरवले तो पक्षी प्रत्यक्षात भित्रा निघाला. बंदिवासातल्या मॅगपायांपुढेही संशोधकांनी अशा वस्तू ठेवल्या. त्या पक्ष्यांनी वस्तूंकडे लक्षही दिले नाही.

खरे म्हणजे यासाठी एक्सेटरपर्यंत जायलाही नको. आपले शेतकरी ज्वारी निसवली की रानात काठ्या रोवून त्यांच्यामध्ये चमकी फीत ताणतात. ती वाऱ्यावर फडफडते, उन्हात लखलखते आणि पाखरे बिचकतात. कॅसेटचा जमाना सरल्यावर किती जुन्या गाण्यांच्या फिती अशा शेताच्या बांधावर लागल्या असतील, कोण जाणे. चकाकीला पाखरे भुलतात अशी ज्यांची खात्री असेल त्यांनी शेतकऱ्याला हे विचारायला हरकत नाही की बाबा रे, चोरांना घालवण्यासाठी तू सोने टांगतोस का.

हे वाचल्यावर मी मागच्या वर्षी मामाकडे गेले असताना अंगणात एक पोरखेळ करून पाहिला. त्याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या दगडावर मामी रोज पोळीचे तुकडे ठेवते आणि जिथे टकाचोर हक्काने येतो, तिथे मी रुपयाची पाच नवी नाणी मांडली. पहिल्या दिवशी टकाचोर फणसावरून खाली उतरलाच नाही, नुसता खरखरत राहिला. दुसऱ्या दिवशी उतरला, सर्वांत कडेचा तुकडा उचलून गेला. चौथ्या दिवसापर्यंत त्याने नाण्यांची दखल घेणे सोडून दिले आणि त्यांच्या मधोमध उभे राहून तो पोळी खाऊ लागला. पाचव्या दिवशी एक नाणे कमी भरले. ते आमच्या भाच्याने उचलले होते आणि त्याचा बर्फाचा गोळाही खाऊन झाला होता.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते याचे उत्तर घरात पाळलेल्या पक्ष्यांत आहे. युरोपात मॅगपाय आणि त्याचे भाऊबंद पिल्लू असताना पकडून पाळण्याची आणि त्यांना बोलायला शिकवण्याची पद्धत होती. निनेत्ताच्या कथेतला मॅगपायही पाळलेलाच आहे. कावळ्याच्या कुळातली पिल्ले प्रौढांसारखी भित्री नसतात. रेव्हन या थोराड कावळ्यांवर बर्न्ड हाइनरिख या शास्त्रज्ञाने केलेल्या, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत कोवळ्या वयाचे पक्षी समोर येईल त्या नव्या वस्तूला चोच लावून पाहतात आणि खाण्यासारख्या नसलेल्या वस्तूंचा नाद पुढे सोडतात असे आढळले. त्यात भर म्हणजे अन्न लपवण्याची खोड. मॅगपाय उरलेले अन्न जमिनीत चोचीने खळगा करून ठेवतो आणि वर पान, गवत किंवा खडा सरकवून देतो. आता असे एखादे उचापती पिल्लू स्वयंपाकघरात मोकळे सोडलेले असेल तर ते बटण उचलेल, बुचाचा तुकडा उचलेल, दोऱ्याची गुंडी उचलेल आणि हे सगळे कुठेतरी फटीत कोंबेल. बटण हरवल्याची कथा कोणी नातवंडांना सांगत नाही. अंगठी सापडली तर ती गोष्ट तीन गावांत जाते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे आहे. फांदी न तुटता कावळा किती वेळा बसला आणि उडून गेला, याची नोंद कोणीच ठेवत नाही.

या समजुतीचे मूळ मात्र ऑपेराहून फार जुने आहे आणि तिथे आरोपी मॅगपाय नसून त्याचा लहानखुरा भाऊ जॅकडॉ आहे. रोमन वक्ता सिसेरो याने एका खटल्यातल्या भाषणात अमुक माणसाच्या हाती जॅकडॉच्या हाती द्यावे इतकेच सोने लोक सोपवत असत, असा टोमणा मारलेला आहे. हा टोमणा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागला नसेल. लॅटिनमध्ये या पक्ष्याला ‘मोनेडुला’ म्हणत. त्या नावात नाण्याचा शब्द दडलेला आहे असे मानले जाई, आणि जीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये तेच नाव शास्त्रीय नावात कायम केले. म्हणजे जो आरोप बंगालपासून कोकणापर्यंत टकाचोराच्या नावात बसला आहे, तोच भूमध्य समुद्राच्या काठी त्याच्या नात्यातल्या पक्ष्यालाही चिकटलेला होता. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना विचारून हे ठरवले असेल असे वाटत नाही. दोन्हीकडे नाणी होती आणि ती हरवत होती, इतके पुरे आहे.

मॅगपायचे स्वतःचे लॅटिन नाव ‘पिका’. वैद्यकशास्त्रात हा शब्द आजही वापरला जातो: माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख असे अखाद्य पदार्थ खाण्याच्या अनावर इच्छेला पिका म्हणतात. गरोदर बाईला मातीचे डोहाळे लागतात ते यातलेच. हा पक्षी काहीही चोचीत घेतो या जुन्या समजुतीवरून ते नाव पडले. मॅगपाय सर्वभक्षी आहे हे खरेच. भुंगे, अळ्या, गांडुळे, धान्य, फळे, मेलेल्या प्राण्याचे मांस आणि विणीच्या हंगामात इतर पक्ष्यांची अंडी-पिल्ले यांपैकी त्याला काहीही वर्ज्य नाही. टकाचोराचेही तेच. आमच्या फणसावरच्या जोडीने बुलबुलाचे घरटे रिकामे केलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. खऱ्या चोऱ्या इतक्या असताना त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला तो न केलेल्या चोरीचा.

आपल्या जुन्या गोष्टींत मात्र सोने उचलणाऱ्या पक्ष्याची एक वेगळी तऱ्हा आहे. पंचतंत्रातल्या कावळ्याच्या जोडप्याची पिल्ले झाडाच्या ढोलीतला काळसर्प खाऊन टाकत असतो. कोल्ह्याच्या सल्ल्यावरून कावळी राजाच्या जलक्रीडेच्या ठिकाणाहून सोन्याचा साखळा उचलते आणि राजसेवकांच्या डोळ्यांदेखत नेऊन सापाच्या ढोलीत टाकते. साखळ्यासाठी आलेले सेवक साप मारतात. इथे पक्ष्याला सोन्याचा मोह नाही. सोन्याचा मोह माणसांना आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि तो त्याचा उपयोग करून घेतो. पक्षी म्हणून हे वर्णन मला रोसिनीच्या मॅगपायपेक्षा फार खरे वाटते.

कारण मॅगपायची बुद्धी खरोखरच असल्या कामांची आहे. जर्मनीतल्या बोखुम येथे पाच मॅगपायांवर केलेला आरशाचा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्याच्या गळ्यावर, त्याला एरवी दिसणार नाही अशा जागी, रंगीत ठिपका चिकटवून त्याला आरशासमोर सोडले. त्यांतल्या काही पक्ष्यांनी आरशात पाहून स्वतःच्या गळ्यावरचा ठिपका पायाने खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. काळ्या पिसांवर न दिसणारा काळा ठिपका लावला तेव्हा मात्र ते तसे करत नव्हते. आरशाइतकी लखलखीत वस्तू दुसरी कोणती असेल? ती समोर आल्यावर या पक्ष्यांनी तिच्यात स्वतःचा मळ पाहिला.

आणि मॅगपाय धातू पळवतोही, पण चकाकीसाठी नव्हे. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात एका रुग्णालयाच्या आवारातल्या झाडावर सापडलेल्या मॅगपायच्या घरट्याचे वर्णन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यांनी इमारतींवर बसू नये म्हणून कठड्यांवर लोखंडी काट्यांच्या पट्ट्या लावतात. आपल्याकडे कबुतरांसाठी बाल्कनीत लावतात त्याच. त्या घरट्यात असे सुमारे 1500 काटे होते. मॅगपायचे घरटे उघड्या वाटीसारखे नसते. आत मातीचे लिंपण असते आणि वर काटेरी फांद्यांचे घुमटासारखे छप्पर असते, ते अंडी खायला येणाऱ्या कावळ्यांना अडवण्यासाठी. शहरात काटेरी झाडे कमी, म्हणून या जोडप्याने इमारतीवरच्या पट्ट्या उचकटून आणल्या आणि काटे बाहेरच्या बाजूला येतील असे रचले. पक्ष्यांना हुसकण्यासाठी माणसाने पैसे खर्चून जे विकत घेतले, ते पक्ष्यांनी पक्ष्यांनाच हुसकण्यासाठी फुकट नेले. मला तर ही बातमी वाचून टाळी द्यावीशी वाटली. मुंबईतले कावळेही तारांची आणि कपड्यांच्या हँगरची घरटी बांधतात, आणि तिथेही कारण तेच आहे: काटक्यांपेक्षा तार सहज मिळते आणि टिकते. गंजलेली तार चालत असेल तर प्रश्न चकाकीचा नाही.

टकाचोराला सगळीकडे चोरच म्हणतात असे मात्र नाही. बंगालीत त्याचे दुसरे नाव ‘हांडीचाचा’, म्हणजे हंडी खरवडणारा. त्याचा कर्कश आवाज ज्याने ऐकला आहे त्याला हे नाव लगेच पटेल. मल्याळममध्ये तो ‘ओलेंजाली’, म्हणजे माडाच्या झावळीवर झोके घेणारा. केरळातल्या लोकांनी त्याला झावळीवर कीटक शोधताना पाहिले आणि जे पाहिले त्याचेच नाव ठेवले. आमच्या कोकणात माड काही कमी नाहीत. आम्हालाही हे नाव सुचू शकले असते.

पळीची गोष्ट राहिली. ती हरवल्यानंतर बारा-तेरा वर्षांनी मे महिन्यात विहीर उपसायला काढली होती. खाली उतरलेले गडी घमेल्याने गाळ वर पाठवत होते आणि मामा तो पोफळींच्या आळ्यांत टाकत होता. त्या गाळात दोन पितळी तांबे, रहाटाची एक खुंटी, माझ्या आईच्या लहानपणीची म्हणून ओळखली गेलेली एक पाटी आणि ती पळी निघाली. काळी ठिक्कर पडलेली, पण अख्खी. कट्ट्यावरून घरंगळली असेल, पोहऱ्याबरोबर गेली असेल, कदाचित आम्हा मुलांपैकीच कोणाचा पाय लागला असेल. मावशी तोवर मुलाकडे मुंबईला राहायला गेल्या होत्या. आजोबाही नव्हते. आजीने पळी रांगोळीने घासून लख्ख केली, पदराला पुसली, उजेडात धरून पाहिली आणि फणसाकडे बघत म्हणाली, “म्हणजे मेल्याने नेऊन विहिरीत टाकली होती तर.”